ज्ञान पोस्ट वि. एक कुरिअर ॲप: जुनी पुस्तकं विकणाऱ्या बाईचा रिव्ह्यू, टपालखर्चाच्या भांडणासकट

आधी सांगते मी कोण ते, म्हणजे रिव्ह्यू कुणाच्या चष्म्यातून आहे ते कळेल. कोल्हापुरात राहते, जुनी मराठी पुस्तकं आणि दिवाळी अंक इन्स्टावर आणि व्हॉट्सॲपवर विकते. दुकान नाही, गोडाऊन म्हणजे सासऱ्यांची खोली, काटा म्हणजे किचनमधला डिजिटल काटा ज्यावर सकाळी कणीक आणि दुपारी कादंबऱ्या. महिन्याला पन्नासेक पार्सलं जातात, दिवाळीच्या आगेमागे जास्त. म्हणजे मोठ्या सेलर लोकांना जे डिस्काउंटचे रेट मिळतात ते आपल्याला कुणी देत नाही, आणि एकेका पुस्तकामागं सुटतात तीस-चाळीस रुपये. एवढ्या धंद्यात टपालखर्च चुकला की महिना संपला.

मी तीन गोष्टी करून बघितल्या. पहिली, सरसकट ५० रुपये शिपिंग. ऐकायला सोपं, पोस्टरवर लिहायला बरं. पण झालं काय, की कवितासंग्रह घेणारा माणूस २०० ग्रॅमसाठी पन्नास भरायचा आणि शब्दकोशाचा जाडजूड खंड घेणारा पण पन्नासच, आणि त्याच्या पार्सलमागं माझे खिशातले साठ जायचे. म्हणजे पातळ पुस्तकवाले जाड पुस्तकवाल्यांचं टपाल भरत होते आणि मध्ये मी पण. दुसरी, फ्री शिपिंग. याला तर मी आता हात जोडते. ८० रुपयांचं पुस्तक १४० ला लावायचं आणि वर 'शिपिंग मोफत' लिहायचं. एक पुस्तक घेतलं तर ठीक आहे, हिशोब तोच. पण एका ताईंनी एकदम चार घेतली, चारही एकाच पिशवीत गेली, आणि मी त्यांच्याकडून टपाल चार वेळा घेतलं होतं, लपवून. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांना कळलंही नसेल, पण मला दोन दिवस कसंतरीच झालं आणि शेवटी त्यांना एक दिवाळी अंक पुढच्या पार्सलमध्ये असाच टाकून दिला.

तिसरी गोष्ट म्हणजे वजन करायचं, जो खरा खर्च तो सांगायचा, पॅकिंगचे दहा रुपये वेगळे दाखवायचे आणि एकत्र घेतलं तर एकदाच लावायचं. आता हेच करते. कटकट आहे पण झोप लागते. फक्त यासाठी पाठवायची सोय धड पाहिजे, जिचा रेट आज सांगितला तो उद्या तोच राहील. इथूनच खरा रिव्ह्यू चालू होतो, आधी कुरिअर ॲप आणि मग ज्ञान पोस्ट, म्हणजे पुस्तकांसाठीची पोस्टाची सोय.

कुरिअर ॲप

नाव घेत नाही. ज्यांनी असली ॲपं वापरलीयत ते ओळखतील, कारण सगळ्यांची पद्धत साधारण एकच, स्वतःची एकही गाडी नाही, पाच-सात कुरिअर कंपन्यांचे रेट एका स्क्रीनवर दाखवतात, आपण वॉलेटमध्ये पैसे भरायचे, लेबल प्रिंट करून चिकटवायचं, माणूस घरी येऊन घेऊन जाणार. कागदावर झकास. आणि खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मी सगळ्यांना सांगत सुटले होते की घ्या घ्या. घरबसल्या पिकअप, ग्राहकाला आपोआप मेसेज, मुंबई-पुण्याला तीन दिवसांत पार्सल पोचतं, अजून काय पाहिजे.

मग वजनाची भानगड सुरू झाली. एक कादंबरी, पॅकिंगसकट ४३० ग्रॅम, मी दोनदा मोजली होती, ५०० ग्रॅमच्या स्लॅबमध्ये (म्हणजे वजनाच्या टप्प्यात, त्यात बसेल त्याला एकच रेट) ५२ रुपयांत गेली. आठवड्याने वॉलेटमधून अजून ४६ रुपये गायब. काय तर म्हणे तुमचं पार्सल आमच्या मशीनवर १ किलोच्या स्लॅबमध्ये आलं. अहो पुस्तक आहे, प्रवासात व्यायलं काय! तक्रार टाका म्हणाले, काट्यावर ठेवलेल्या पार्सलचा फोटो टाका म्हणाले. टाकला. 'फोटोत लेबल दिसत नाही' म्हणून रिजेक्ट. पार्सल तर कधीच ग्राहकाच्या घरी पोचलंय, आता लेबलचा फोटो मी कुठून आणू? तेव्हापासून प्रत्येक पार्सलचे तीन फोटो काढते, काट्यावर, लेबलसकट, आणि बाजूला पट्टी ठेवून. फोनची मेमरी पार्सलांच्या फोटोंनी भरलीय, पोरीच्या वाढदिवसाचे डिलीट करायची वेळ आली.

पट्टी का, तर व्हॉल्युमेट्रिक वजन. ज्यांनी नवीन धंदा चालू केलाय त्यांच्यासाठी जरा थांबून सांगते कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कुरिअरवाले फक्त काट्यावरचं वजन बघत नाहीत, पार्सल गाडीत जागा किती खातं तेही बघतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटीमीटरमध्ये, भागिले बहुतेक ठिकाणी ५०००, जे येईल ते किलो. हे आणि काट्यावरचं, दोन्हीत जे जास्त त्याचे पैसे. पुस्तक मुळात वजनदार आणि आटोपशीर असतं त्यामुळे पिशवीत गुंडाळून पाठवलं तर बहुतेक वेळा काट्यावरचंच वजन धरलं जातं. घोळ होतो खोक्यात. मी एकदा तीन दिवाळी अंक बुटाच्या खोक्यात घालून पाठवले, पुठ्ठा मजबूत म्हणून, कोपरे दुमडू नयेत म्हणून. ३३ बाय २० बाय १२. करा हिशोब, ७९२० भागिले ५०००, म्हणजे १.५८ किलो. काट्यावर ते होतं १.१. मी दीड किलोच्या स्लॅबचे पैसे ग्राहकाकडून घेतलेले आणि लागले दोन किलोचे. यात ॲपची चूक काही नाही, नियम लिहिलेला होता, मीच हवा विकत घेऊन पाठवली. आता खोकं वापरायचंच झालं तर वरून कापून पुस्तकांच्या उंचीइतकं खाली दाबते. नाहीतर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये पुस्तक, त्यावर प्लॅस्टिक, मग कुरिअर बॅग. प्लॅस्टिक पावसाळ्यात तरी चुकवू नका, जूनमध्ये आमच्या इथून निघालेलं पार्सल कोरडं पोचेल अशी गॅरंटी प्रत्यक्ष वरुणराजा पण देणार नाही.

दुसरं दुखणं झोनचं. ॲप देशाचे भाग पाडतं, आपलं शहर, आपलं राज्य, मोठ्या शहरातून मोठ्या शहरात, बाकीचा देश, आणि ईशान्य-काश्मीर सगळ्यात महाग. या ॲपमध्ये 'राज्य' म्हणजे नकाशावरचं राज्य. म्हणून मला कोल्हापूरहून नागपूरला पुस्तक स्वस्तात जातं आणि बेळगावला महाग! बेळगाव आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटर, सकाळी जाऊन कुंदा खाऊन जेवायला परत घरी, पण ॲपच्या लेखी ते 'बाकीचा देश'. गोव्याचंही तेच. माझे सगळ्यात चोखंदळ ग्राहक बेळगाव आणि मडगावचे आहेत, जुनी नाटकं शोधून शोधून घेणारे, आणि त्यांनाच मी जास्त टपाल सांगायचं. एक बेळगावचे सर म्हणाले, "मॅडम, सीमाप्रश्न तुमच्या कुरिअरवाल्यानं पण सोडवला नाही काय?" यावर काय बोलणार.

कॅश ऑन डिलिव्हरीचं तर विचारूच नका. एका दीडशे रुपयांच्या ऑर्डरला ग्राहकाने दारात 'नको' म्हटलं. जायचे ६८ आणि यायचे ६४, म्हणजे १३२ रुपये घालवून माझीच दोन पुस्तकं माझ्याच घरी, तीही एका कोपऱ्यात चेपून. त्या दिवशी सीओडी बंद केलं ते आजतागायत. काही लोक चिडतात, आधी पैसे का म्हणून, मी म्हणते तुमचा भरवसा मला नाही तसा माझा तुम्हाला नसेल तर राहू दे, रागावू नका, पण दीडशेच्या मालावर मी एवढी रिस्क घेऊ शकत नाही.

ज्ञान पोस्ट

आता भारतीय डाकेची ही सोय. मागचा इतिहास असा, की पुस्तकांसाठी पोस्टाचं रजिस्टर्ड बुक पोस्ट होतं, स्वस्त, छोट्या प्रकाशकांचा आणि आमच्यासारख्यांचा जीव त्यात. डिसेंबर २०२४ मध्ये ते बंद झालं. पुस्तकवाल्यांनी बरीच ओरड केली. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, आणि चढत चढत ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर टॅक्स. ट्रॅकिंग आहे. जातं जमिनीवरून, विमानाने नाही, त्यामुळे घाई असलेल्याने वाटेला जाऊ नये.

आणि सगळ्यात भारी गोष्ट, रेट वजनावर, अंतरावर नाही. बेळगाव, नागपूर, गुवाहाटी, सगळं एकच! माझा अर्धा वैताग या एका वाक्यात संपला. मी इन्स्टावर एक तक्ता टाकून ठेवलाय, एवढं वजन तर एवढे पैसे, बास. आता मला कुणी 'आमच्या गावाला किती पडेल' विचारलं की गाव विचारावंच लागत नाही.

यातून एक मजेशीर सवय लागलीय. समजा कुणाचं पार्सल ७८० ग्रॅमवर आलं, तर ते अर्धा ते एक किलोच्या स्लॅबमध्ये बसतं, म्हणजे ३५ रुपये. मी लगेच सांगते, अजून दोनशे ग्रॅम तेवढ्याच टपालात जातंय, एखादी एकांकिका किंवा बालकवितांचं पातळ पुस्तक बघा हवं तर. लोकांना हे फार आवडतं! एसटीत खिडकीची सीट फुकट मिळाल्यासारखं. माझंही पडून राहिलेलं पुस्तक जातं, कुणाचं नुकसान नाही. उलटंही करते, ३१० ग्रॅम आलं तर पुठ्ठा एक काढून प्लॅस्टिक पातळ लावून २९५ वर आणते आणि ग्राहकाचे पाच रुपये वाचवते. नवरा म्हणतो पाच रुपयांसाठी वीस मिनिटं. म्हणू दे. ६० रुपयांच्या पुस्तकाला २५ रुपये टपाल आणि २० रुपये टपाल यात घेणाऱ्याला फरक पडतो, मी पण गिऱ्हाईक म्हणून हेच बघते की.

सगळ्यात समाधान दिलं एका जिल्हा परिषदेच्या शाळेच्या पार्सलने. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गुरुजींनी वाचनकोपऱ्यासाठी चौदा पुस्तकं मागवली, सगळी मिळून पावणेपाच किलो. ॲपवर बघितलं तर आकडा असा की गुरुजींनी नाद सोडला असता. ज्ञान पोस्टने १०० रुपये आणि टॅक्स. म्हणजे पुस्तकामागं आठ-साडेआठ रुपये. मी पॅकिंगचे दहा पण घेतले नाहीत, गोष्टीची दोन पुस्तकं वरून टाकली, पाच किलोच्या आत बसवून, काट्यावर पाच-पाच वेळा ठेवून.

आता खोट. हे काही सगळ्या पुस्तकांसाठी नाही. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक स्वरूपाचं छापील साहित्य पाहिजे. नियतकालिक चालत नाही. धंद्याच्या जाहिराती असलेलं चालत नाही, किरकोळ जाहिरात किंवा पुस्तकांची यादी असली तर तेवढं चालतं. आता बघा, दिवाळी अंक! नियतकालिक पण आणि जाहिरातींनी भरलेला पण, म्हणजे दोन्ही दारं बंद. १९०९ पासून मराठी माणूस दिवाळी अंक वाचतोय, फराळाच्या ताटाइतकाच सांस्कृतिक, पण या नियमात तो बसत नाही. अंक जाहिरातींवरच तर निघतात हो, साबणाची आणि सहकारी बँकेची जाहिरात काढली तर अंकाचा खर्च कोण भरणार. हा नियम लिहिणाऱ्याच्या घरी कधी दिवाळी अंक गेला नसावा. त्यामुळे माझा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा निम्मा धंदा नाइलाजाने त्या ॲपवरच चालतो.

दुसरी अट, पुस्तकावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव पाहिजे. नव्या पुस्तकाला काहीच प्रश्न नाही. जुन्या पुस्तकांच्या धंद्यात पहिली चार पानं गेलेलं पुस्तक रोजचं. असली पुस्तकं मी वेगळ्या गठ्ठ्यात ठेवते आणि ग्राहकाला आधीच सांगते की याला टपाल जास्त पडेल, का पडेल तेही सांगते. कारण सांगितलं की शंभरातले नव्वद लोक वाद घालत नाहीत, हा माझा अनुभव. वाद होतो तो शेवटच्या स्क्रीनवर अचानक आकडा दिसला की.

आणि काउंटरवर जावं लागतं, पिकअप नाही. मी सोमवार आणि गुरुवार ठरवलेत, सकाळी उघडल्या उघडल्या, स्कूटीच्या पायाशी पिशवी. आमच्या काउंटरवरचे काका आता वजनाआधीच आकडा सांगतात, हातात घेऊन, आणि दहा ग्रॅमनी पण चुकत नाहीत.

कुणीतरी विचारलं होतं की हे पेट्रोल आणि वेळ तू टपालखर्चात धरतेस का. नाही धरत. माझं मत असं आहे की टपालखर्च म्हणून जे सांगतो त्यात फक्त टपाल आणि पॅकिंगचं सामान. बॅग चार-पाच रुपये, टेप, प्लॅस्टिक, पुठ्ठा बहुतेक रद्दीतला, सगळं मिळून दहाच्या आत-बाहेर. माझी मेहनत, पेट्रोल, तीन-तीन फोटो, हे पुस्तकाच्या किमतीत. एक मैत्रीण साड्या विकते ती म्हणते वेडी आहेस, सगळे शिपिंगमध्येच कमावतात. कमावत असतील. पण पार्सल मिळाल्यावर ग्राहकाला वर चिकटवलेली पोस्टाची पावती दिसते ना! ८० घेतले आणि पावती ४१ ची, तर पुढच्या वेळी तो माझ्या पुस्तकाच्या किमतीवर पण विश्वास ठेवणार नाही. मी तर अंदाज चुकून खऱ्या खर्चापेक्षा वीसहून जास्त रुपये घेतले गेले असतील तर परत करते, यूपीआयने दोन मिनिटांचं काम. कमी घेतले असतील तर गप्प बसते, माझी चूक माझ्या गळ्यात.

महागाच्या पुस्तकाला, म्हणजे हजार-बाराशेची दुर्मिळ आवृत्ती वगैरे, मी ज्ञान पोस्ट पण नाही आणि ॲप पण नाही, स्पीड पोस्ट करते. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्यात ओटीपी सांगितल्यावरच हातात देण्याची सोय आलीय, पाच रुपये आणि जीएसटी जास्तीचे. बाराशेच्या पुस्तकाला पाच रुपये कुणीही आनंदाने देतं, शेजारच्यांकडे ठेवलं, वॉचमनकडे ठेवलं हा प्रकार राहत नाही. परदेशाचं मी सध्या घेत नाही. न्यू जर्सीतून बऱ्याच विचारणा येतात, पण अमेरिकेची टपालसेवा ऑगस्ट २०२५ मध्ये तिकडच्या कस्टमच्या नियमांमुळे थांबली आणि ऑक्टोबरमध्ये परत चालू झाली, त्या मधल्या काळात मी सगळ्यांना 'भारतात कुणी येणार असेल तर त्यांच्या बॅगेत' असं सांगायला लागले आणि तीच पद्धत पडून गेली. मावशी-काकांच्या बॅगांनी आत्तापर्यंत तीसेक पुस्तकं समुद्रापार गेलीयत, टपालखर्च शून्य, फक्त लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवू नका म्हणून विनंती.

तर स्टार. ज्ञान पोस्टला पाचातले चार, एक स्टार दिवाळी अंकांसाठी कापला, अंक घ्यायला लागले की त्याच दिवशी परत देईन. ॲपला दोन, एक पिकअपला आणि एक वेगाला. घाई असलेल्या ग्राहकाला मी अजूनही दोन्ही आकडे पाठवते, ज्ञान पोस्टने एवढे आणि ॲपने एवढे, दिवस इतके आणि इतके, तुम्ही ठरवा. दहातले आठ जण पोस्टच म्हणतात. पुस्तकाला कसली घाई, पन्नास वर्षं कुणाच्या तरी कपाटात होतं, अजून चार दिवसांनी येईल, असं एका आजोबांनी लिहिलं होतं.

आणि हो, ते ४६ रुपये. दुसऱ्यांदा तक्रार टाकलीय. स्टेटस बघितलं आत्ताच, 'तपासणी चालू आहे'.